भोर व वेल्हे तालुक्यांतील शालेय वाचन आणि विनामूल्य वाचनसाहित्य

विनामूल्य वाचनसाहित्य म्हणजे वाचकाने किंवा शाळेने किंमत न मोजता वाचता येणारी, उतरवून घेता येणारी अथवा छापून वाटता येणारी पुस्तके, मासिके, गोष्टींची पत्रके आणि ध्वनिमुद्रित कथा. पुणे जिल्ह्याच्या नैर्ऋत्य भागातील भोर आणि वेल्हे (राजगड) या डोंगरी तालुक्यांत प्राथमिक शिक्षणाचा मुख्य भार जिल्हा परिषदेच्या लहान शाळांवर आहे. पाठ्यपुस्तकाव्यतिरिक्त दुसरे पुस्तक विकत घेण्याची ऐपत नसलेल्या घरांतील मुलांना गोष्टीचे पुस्तक पहिल्यांदा भेटते ते बहुधा अशा शाळेतच. गेल्या दहा-पंधरा वर्षांत मराठीत विनामूल्य बालसाहित्याचा मोठा साठा महाजालावर उपलब्ध झाला आहे. हा साठा वाडीवरच्या शाळेतील मुलाच्या हाती कसा पडतो, आणि पडल्यावर त्याचे वाचन सुधारते का, हा या लेखाचा विषय आहे.

परिसर आणि शाळा

भोर हे पंतसचिवांच्या भोर संस्थानाचे राजधानीचे गाव होते. हे संस्थान १९४८ मध्ये तत्कालीन मुंबई प्रांतात विलीन झाले. त्याच्या उत्तरेचा वेल्हे तालुका राजगड आणि तोरणा या किल्ल्यांमुळे परिचित आहे. राजगडावरून तालुक्याचे नावही बदलण्यात आले. बोलण्यात मात्र वेल्हे हेच नाव अद्याप रूढ आहे. २०११ च्या जनगणनेनुसार भोर तालुक्याची लोकसंख्या १,८६,११६ आणि वेल्हे तालुक्याची ५४,५१६ होती. लोकसंख्येच्या दृष्टीने वेल्हे हा पुणे जिल्ह्यातील सर्वांत लहान तालुका आहे.

दोन्ही तालुक्यांचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भिन्न चेहरे आहेत. पुणे–सातारा रस्त्यालगतच्या कापूरहोळ, नसरापूर या भागात वाहतूक, बाजारपेठ आणि खासगी शाळा आहेत. पश्चिमेकडे सह्याद्रीच्या माथ्याकडे जाताना हिर्डस मावळ, वेळवंड खोरे, कानद खोरे असा तुटक, चढउताराचा मुलूख लागतो. भाटघर, नीरा देवघर, पानशेत आणि गुंजवणी या धरणांच्या जलाशयांनी येथील कित्येक जुन्या वाटा पाण्याखाली घातल्या. समोर दिसणारे गाव रस्त्याने गाठायचे तर जलाशयाला मोठा वळसा घालावा लागतो. पाऊस मुसळधार, मुख्य पीक भात, आणि भाताखेरीजचा मोठा आधार म्हणजे पुण्या-मुंबईस गेलेल्या माणसाने पाठविलेला पैसा. गावठाणापासून दूर असलेल्या वाड्या, धनगरवस्त्या आणि कातकरी कुटुंबांच्या वस्त्या यांची परिस्थिती याहून हलाखीची आहे.

वस्त्या लहान म्हणून शाळांचा पटही लहान असतो. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीच्या वर्गांत साठपर्यंत पट असल्यास किमान दोन शिक्षक असावेत, असे प्रमाण आहे. परिणामी एक शिक्षक एकाच खोलीत दोन किंवा तीन इयत्ता एकाच वेळी सांभाळतो. पहिलीला अक्षर गिरवून घेत असताना तिसरीच्या मुलांनी काय करावे, हा अशा शाळेतील रोजचा प्रश्न असतो. त्यांना पाठ्यपुस्तकातील धडा पुन्हा उतरवून काढायला सांगणे हा सर्वांत सोपा आणि सर्वांत निरुपयोगी उपाय होय. मुलाला स्वतःचे स्वतः वाचता येईल असे सोपे पुस्तक हाताशी असेल, तर तोच वेळ वाचनात जातो. शहरातील शाळेत गोष्टीचे पुस्तक ही पूरक वस्तू मानली जाते. बहुवर्ग शाळेत ते अध्यापनाचे साधनच ठरते.

वाचायला शिकण्यातील अडचण

देवनागरी लिपी उच्चारानुसारी असल्याने ती शिकण्यास सोपी आहे, असा सार्वत्रिक समज आहे. तो अर्धाच खरा आहे. चौतीस व्यंजने आणि बारा स्वररूपे एवढी बाराखडीच धरली तरी चारशेच्या वर अक्षररूपे होतात, जोडाक्षरे वेगळीच. ही सर्व रूपे ओळखून, ती जोडून शब्द लावणे आणि शब्दांवरून अर्थापर्यंत पोहोचणे यासाठी पुष्कळ सराव लागतो, व तो सराव एका पाठ्यपुस्तकावर पुरा होत नाही. पाठ्यपुस्तकातील धडे वर्गात इतक्या वेळा मोठ्याने म्हटले जातात की ते मुलांना तोंडपाठ होतात. मग ओळीवर बोट फिरवीत मूल धडा ‘वाचते’, पण तोच शब्द दुसऱ्या ठिकाणी आला की अडते. न पाहिलेला, ओळखीच्या शब्दांचा, लहान मजकूर वारंवार मिळणे ही वाचन पक्के होण्याची मुख्य अट आहे.

‘प्रथम’ या संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून होणाऱ्या ‘असर’ सर्वेक्षणाने हा प्रश्न देशापुढे आकड्यांत मांडला. या पाहणीत मुलाला घरी जाऊन अक्षरे, साधे शब्द, पहिलीच्या पातळीचा चार वाक्यांचा उतारा आणि दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट वाचायला देतात. ग्रामीण भारतातील पाचवीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचू शकणाऱ्यांचे प्रमाण २०१८ मध्ये ५०.५ टक्के होते. करोनाकाळातील शाळाबंदीनंतर, २०२२ मध्ये ते ४२.८ टक्क्यांवर आले आणि २०२४ मध्ये पुन्हा ४८.८ टक्के झाले. म्हणजे नुकसान बरेचसे भरून निघाले तरी पाचवीतील निम्म्याहून अधिक मुले दुसरीची गोष्ट वाचू शकत नाहीत, ही स्थिती कायम राहिली. केंद्र शासनाने जुलै २०२१ मध्ये सुरू केलेल्या ‘निपुण भारत’ अभियानात तिसरीअखेर प्रत्येक मुलाने अर्थ समजून वाचावे, हे उद्दिष्ट २०२६-२७ या वर्षासाठी ठरविण्यात आले.

तिसरी ही सीमारेषा मानण्यामागे कारण आहे. चौथीपासून परिसर अभ्यास, गणितातील शाब्दिक उदाहरणे, पुढे इतिहास, विज्ञान हे सारे विषय मुलाला वाचता येते असे गृहीत धरून लिहिलेले असतात. ज्याला वाचता येत नाही ते मूल यानंतर एका विषयात नव्हे, सर्वच विषयांत मागे पडत जाते, आणि वर्गात बसूनही शाळेबाहेर जाते.

शाळेतील पुस्तके

शाळेत गोष्टीची पुस्तके असावीत, हा विचार शासकीय धोरणास नवा नाही. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर १९८७ मध्ये सुरू झालेल्या ‘खडू-फळा’ मोहिमेत प्राथमिक शाळांना द्यावयाच्या साहित्यात पुस्तकांचा समावेश होता. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे आणि त्यात वर्तमानपत्रे, नियतकालिके व गोष्टींच्या पुस्तकांसह सर्व विषयांची पुस्तके असावीत, अशी तरतूद आहे. २०१८ मध्ये सुरू झालेल्या समग्र शिक्षा योजनेत प्राथमिक शाळेला ग्रंथालयासाठी वर्षाला ५,००० रुपयांपर्यंत अनुदानाची सोय आहे. महाराष्ट्रात डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस, १५ ऑक्टोबर, हा २०१५ पासून ‘वाचन प्रेरणा दिन’ म्हणून शाळांतून पाळला जातो.

तरतूद आणि वापर यांच्यामध्ये ग्रामीण शाळांत सर्वत्र एक वस्तू आढळते: कुलूपबंद लोखंडी कपाट. पुस्तके साठा नोंदवहीत चढविलेली असतात. फाटली वा हरवली तर हिशेब मुख्याध्यापकाला द्यावा लागतो. बदली झाली की पदभार देताना एकेक प्रत मोजून द्यावी लागते. पुस्तक कपाटात सुरक्षित राहते आणि मूल पुस्तकावाचून राहते. यात शिक्षकाची अनास्था किती आणि हिशेबाची भीती किती, हे वेगळे करून पाहावयास हवे. पुस्तक वाचून झिजणे हा त्याचा योग्य वापर होय आणि झिजलेले पुस्तक नोंदवहीतून कमी करता येते, एवढे वरिष्ठांनी स्पष्टपणे सांगितलेल्या शाळांत कपाटे उघडी राहतात.

कपाट टाळण्याच्या पद्धतीही शाळांनीच रूढ केल्या आहेत. खिडकीच्या गजापासून खिळ्यापर्यंत ताणलेल्या दोरीवर पुस्तके मधोमध उघडून टांगणे, खोलीच्या कोपऱ्यात सतरंजी पसरून वाचन कोपरा करणे, परिपाठात रोज एका मुलाने गोष्ट वाचून दाखविणे, शनिवारी पुस्तक घरी देऊन सोमवारी परत घेणे या त्यांपैकी काही. ज्या वस्तीला पुस्तकांचे घर नाही तिथे पुस्तकांची पेटी पाठविण्याची रीत तर शंभर वर्षांहून जुनी आहे. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी अमेरिकन ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांच्या साहाय्याने उभारलेल्या ग्रंथालय व्यवस्थेत खेड्यांकडे जाणाऱ्या फिरत्या ग्रंथपेट्या होत्या. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानने २००९ पासून ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या उपक्रमात हीच पेटी नव्याने वापरात आणली.

विनामूल्य साहित्याचे स्रोत

मराठी शाळांपुरता सर्वांत मोठा आणि सर्वांत परिचित स्रोत ‘बालभारती’ हा आहे. महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळ हे तिचे पूर्ण नाव. २७ जानेवारी १९६७ रोजी पुणे येथे तिची स्थापना झाली. शासकीय व अनुदानित शाळांतील आठवीपर्यंतच्या मुलांना छापील पाठ्यपुस्तके मोफत मिळतात, शिवाय ती महाजालावरही उतरवून घेता येतात. परंतु वाचनाच्या दृष्टीने बालभारतीचा अधिक मोलाचा ठेवा म्हणजे ‘किशोर’ मासिक. १४ नोव्हेंबर १९७१ रोजी निघालेल्या या मासिकाने मराठीतील उत्तमोत्तम लेखक आणि चित्रकार मुलांसाठी कामाला लावले. त्याचे जुने अंक संगणकीय प्रतींच्या रूपाने बालभारतीने सर्वांना खुले केले आहेत. गोष्टी, कविता, कोडी, विज्ञानलेख, प्रवासवर्णने असा तो संग्रह आहे. पाचवी-सहावीच्या पुढच्या चांगल्या वाचकाला तो वर्षानुवर्षे पुरेल; जेमतेम अक्षरे जुळवणाऱ्या मुलाला मात्र त्यातील स्तंभबद्ध, बारीक मजकूर जड जातो.

नेमकी ही उणीव ‘स्टोरीवीव्हर’ने भरून काढली. ‘प्रथम बुक्स’ या २००४ मध्ये स्थापन झालेल्या ना-नफा प्रकाशनसंस्थेने आंतरराष्ट्रीय साक्षरता दिनी, ८ सप्टेंबर २०१५ रोजी हे संकेतस्थळ सुरू केले. त्यावरील पुस्तके चार पातळ्यांत विभागली आहेत. पहिल्या पातळीतील पुस्तकात अडीचशेपर्यंत शब्द असतात, दुसरीत सहाशेपर्यंत, तिसरीत दीड हजारांपर्यंत आणि चौथीत त्याहून अधिक. पानभर चित्र आणि खाली एक-दोन ओळी, अशी पहिल्या पातळीची रचना असते. पाचवीतल्या, पण पहिलीच्या पातळीवर वाचणाऱ्या मुलाला त्याचा अपमान न होता देता येतील अशी पुस्तके मराठीत पूर्वी दुर्मीळ होती.

या पुस्तकांचा परवानाही समजून घेण्यासारखा आहे. ती ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ या खुल्या परवान्याखाली असतात. पुस्तक वाचणे, छापणे, वाटणे, त्याचे भाषांतर करणे, इतकेच काय विकणेही त्यात मुभेचे आहे. अट एवढीच की लेखक, चित्रकार, अनुवादक आणि मूळ प्रकाशक यांची नावे द्यावीत. कागद वाचविण्यासाठी श्रेयनामांचे शेवटचे पान गाळून पुस्तके छापली जातात, तेव्हा नकळत परवान्याचा भंग होतो. अनेकांना मोफत म्हणजे बेवारस असे वाटते. खुले साहित्य तसे नसते.

तिसरा स्रोत स्वामित्वहक्काची मुदत संपलेल्या ग्रंथांचा. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी त्याचे साहित्य सार्वजनिक होते. साने गुरुजींचे निधन ११ जून १९५० रोजी झाले. त्यामुळे २०११ च्या प्रारंभापासून ‘श्यामची आई’सह त्यांचे सर्व लेखन कोणालाही छापता वा प्रसृत करता येते. मुलांसाठी १९०६ मध्ये ‘आनंद’ मासिक काढणारे वासुदेव गोविंद आपटे यांचे लेखनही असेच मुक्त झाले आहे. हे साहित्य मोलाचे असले तरी त्यातील भाषा शंभर वर्षांपूर्वीच्या पांढरपेशा घरांतली आहे. शिक्षकाने वाचून दाखवावे आणि मुलांनी ऐकावे, असा त्याचा उपयोग अधिक होतो.

याखेरीज पुण्यातील अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर विज्ञानखेळण्यांसोबत अनेक मराठी पुस्तके मोफत मिळतात. टाकाऊ वस्तूंतून खेळणी करायला शिकविणाऱ्या या पुस्तिका वाचनाचा कंटाळा करणाऱ्या मुलांनाही वाचायला लावतात, कारण पुढची कृती वाचल्याशिवाय खेळणे तयार होत नाही. गूगलचे ‘रीड अलाँग’ हे अनुप्रयोग २०२० मध्ये मराठीसह नऊ भाषांत उपलब्ध झाले. मूल मोठ्याने वाचते आणि यंत्र चुकलेला शब्द सांगते. गोष्टी एकदा उतरवून घेतल्यावर ते जोडणीशिवाय चालते. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची पुस्तके व मराठी विश्वकोश हेही महाजालावर विनामूल्य आहेत, पण त्यांचा उपयोग मुलांपेक्षा शिक्षकाला होतो. योगायोग असा की विश्वकोशाचे माहेरघर वाई हे भोरपासून मांढरदेवीच्या घाटाने पलीकडच्या खोऱ्यात आहे, आणि त्याच जिल्ह्यात ४ मे २०१७ रोजी पुस्तकांचे गाव म्हणून जाहीर झालेले भिलारही आहे. भिलारमध्ये घराघरांतून मांडलेली पुस्तके कोणालाही विनाशुल्क बसून वाचता येतात. जवळच्या शाळांना ते सहलीचे ठिकाण आहे. रोजच्या वाचनाची सोय मात्र आपल्याच गावात हवी.

पडद्यावरून कागदावर

मार्च २०२० पासून २०२१ च्या अखेरीपर्यंत प्राथमिक वर्ग बंद होते. या काळात राज्याच्या शिक्षण विभागाने युनिसेफ आणि प्रथम बुक्स यांच्या सहकार्याने ‘गोष्टींचा शनिवार’ हा उपक्रम चालविला. दर शनिवारी इयत्तांनुसार गोष्टींचे दुवे शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटांवर येत आणि तेथून पालकांकडे जात. राज्यभरच्या शिक्षकांना विनामूल्य डिजिटल बालसाहित्याची ओळख करून देण्यात या उपक्रमाचा मोठा वाटा आहे. त्याच वेळी त्याची मर्यादाही उघड झाली. घरात स्मार्टफोन एकच, तो वडिलांसोबत कामावर. डोंगराआडच्या वाडीत जोडणी मिळायची तर टेकाडावर चढायचे. आणि महिनाअखेरीस डेटा संपलेला. ज्या मुलांना पुस्तकांची सर्वाधिक गरज होती त्यांच्यापर्यंत दुवा पोहोचण्याची शक्यता सर्वांत कमी होती. साध्या फोनवरून मिस्ड कॉल दिला की गोष्ट ऐकविणारी प्रथम बुक्सची सेवा म्हणूनच अशा ठिकाणी अधिक उपयोगाची ठरते.

खोऱ्यातील शाळांसाठी कार्यक्षम मार्ग साधाच आहे. शिक्षकाने तालुक्याच्या गावी किंवा केंद्रशाळेत जोडणी असेल तिथे पुस्तके उतरवून घ्यायची, पेन ड्राइव्हवर वा फोनमध्ये साठवायची आणि निवडक पुस्तके छापून घ्यायची. सोळा पानांचे पुस्तक अर्ध्या आकारात पाठपोट छापले तर ए-४ आकाराचे चारच कागद लागतात. मधोमध दुमडून दोन टाचण्या मारल्या की पुस्तक तयार होते. रंगीत छपाई महाग, म्हणून काळ्या-पांढऱ्या छपाईत उठून दिसतील अशी रेषाचित्रांची पुस्तके निवडावी लागतात. गडद पार्श्वभूमीची चित्रे छापल्यावर काळे डाग होतात आणि त्यावरील अक्षरेही बुडतात. पावसाळ्यात खोलीत ओल येते, कागद दमट होतो. प्लॅस्टिकच्या पिशव्यांत वा पत्र्याच्या पेटीत पुस्तके ठेवल्याखेरीज ती दिवाळीपर्यंत टिकत नाहीत. हा खर्च शाळेच्या अनुदानातून, ग्रामपंचायतीकडून अथवा गावाबाहेर नोकरीस गेलेल्या माजी विद्यार्थ्यांकडून भागविता येतो. ‘विनामूल्य’ या शब्दात कागद, शाई आणि शिक्षकाची संध्याकाळ यांची किंमत धरलेली नसते, एवढे लक्षात ठेवावे लागते.

परिणामांविषयीचे संशोधन

पुस्तके पुरविली की वाचन सुधारते, ही समजूत संशोधनाने तपासून पाहिली आहे, आणि निष्कर्ष अंतर्मुख करणारे आहेत. कर्नाटकात अक्षरा फाउंडेशनच्या शालेय ग्रंथालय कार्यक्रमाचा अभ्यास बोर्कुम, हे आणि लिंडेन या संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केला. ग्रंथालय मिळालेल्या आणि न मिळालेल्या शाळांची यादृच्छिक निवड करून त्यांनी तुलना केली होती. सोळा महिन्यांनंतर दोहोंतील मुलांच्या भाषाकौशल्यात फरक आढळला नाही. केवळ फिरता ग्रंथपाल येऊन जात असे अशा शाळांत तर गुण किंचित घटले.

त्यांपैकीच लिंडेन यांचा सहभाग असलेल्या, फिलिपीन्समधील तार्लाक प्रांतात झालेल्या दुसऱ्या अभ्यासाचा निष्कर्ष वेगळा आला. तेथे चौथीच्या वर्गांना वयानुरूप पुस्तके देण्याबरोबरच शिक्षकांना प्रशिक्षण दिले होते आणि सलग ३१ दिवस शाळेच्या वेळातच वाचनाचा उपक्रम घेतला होता. मुलांचे वाचन मोजण्याइतके सुधारले. उपक्रम संपल्यावर तीन महिन्यांनी हा परिणाम बराच ओसरला, पण पुसला गेला नाही. दोन्ही अभ्यास शेजारी ठेवले की भेद कळतो: एकीकडे पुस्तके होती, दुसरीकडे पुस्तके, वेळापत्रकात राखलेला वेळ आणि ते कसे वापरावे हे जाणणारा शिक्षक, असे तिन्ही होते.

मराठीपुरता महत्त्वाचा अभ्यास म्हणजे शैलजा मेनन आणि सहकाऱ्यांनी केलेले, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेले भारतीय भाषांतील साक्षरतेचे संशोधन. पालघर जिल्ह्यातील वाडा येथे मराठी आणि कर्नाटकातील यादगीर येथे कन्नड माध्यमाची मुले पहिलीपासून तिसरीपर्यंत अभ्यासण्यात आली. अक्षरे शिकविण्यात वर्षे जातात, मजकुराचा अर्थ आणि मुलांचे स्वतःचे बोलणे-लिहिणे यांना वर्गात फारसे स्थान नसते आणि बालसाहित्याचा वापर अत्यल्प होतो, असे चित्र त्यातून पुढे आले. वाड्यातील आदिवासी, पावसाळी, डोंगराळ परिस्थिती भोर-वेल्ह्याच्या पश्चिम पट्ट्याशी बरीच जुळणारी आहे.

बोली आणि पुस्तकाची भाषा

कातकरी मुले घरी कातकरी बोली बोलतात. शाळेत पहिल्या दिवशी त्यांच्या कानावर पडणारी प्रमाण मराठी बऱ्याच अंशी परकी असते. मावळी मराठी बोलणाऱ्या इतर मुलांनाही पुस्तकी वाक्यरचना नवीनच. अनोळखी लिपी आणि अनोळखी भाषा एकाच वेळी शिकावी लागणाऱ्या मुलाला मंदबुद्धी समजण्याची चूक सहज होते. वीटभट्टी वा कोळसाभट्टीच्या हंगामात कुटुंबासह बाहेर जावे लागल्याने त्याच्या शिकण्यात महिनोन्‌महिन्यांचा खंड पडतो तो वेगळा.

खुल्या परवान्याचे खरे सामर्थ्य या ठिकाणी दिसू शकते. स्टोरीवीव्हरवरील कोणत्याही पुस्तकातील चित्रे तशीच ठेवून खाली नव्या भाषेतील मजकूर घालता येतो. पश्चिम बंगालमधील ‘सूचना’ या संस्थेने कोरा आणि संताळी भाषांत अशा रीतीने पुस्तके केली. ज्या भाषेत मुलांसाठी छापील गोष्टी नव्हत्या, त्या भाषेत ती आली. दक्षिण आफ्रिकेतून २०१४ मध्ये सुरू झालेल्या ‘आफ्रिकन स्टोरीबुक’ प्रकल्पाने आफ्रिका खंडातील अनेक लहान भाषांसाठी याच पद्धतीने काम केले आहे. बोलीतील गोष्टीसाठी मोठा खर्च वा प्रकाशक लागत नाही. वस्तीवरील एखाद्या आजीने सांगितलेली गोष्ट शिक्षकाने तिच्याच शब्दांत लिहून घेतली, मुलांनी चित्रे काढली आणि चार कागद दुमडले, तरी शाळेला एक पुस्तक मिळते. असे पुस्तक मुलांना पहिल्याच वाचनात निम्मे ओळखीचे असते, आणि लिहिलेले व बोललेले एकच आहे, हा शोध त्यांना त्यातून लागतो. प्रमाण मराठीकडे जाण्याची वाट त्याने अडत नाही. पहिल्या वर्षी बोलीतून आणि हळूहळू दोन्ही भाषा शेजारी मांडून मुलांना पुढे नेता येते.

लहान शाळांचे भवितव्य

सप्टेंबर २०२३ मध्ये राज्याच्या शिक्षण विभागाने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा निर्माण करण्याचे प्रस्ताव मागविले. त्या वेळी नमुना म्हणून नंदुरबार जिल्ह्यातील तोरणमाळ आणि वेल्हे तालुक्यातील पानशेत येथील समूह शाळांचा उल्लेख करण्यात आला. पानशेतच्या शाळेत आसपासच्या लहान शाळांतील मुलांना वाहनाने आणले जाते. तेथे इयत्तेगणिक शिक्षक, ग्रंथालय, संगणक आणि क्रीडासाहित्य देता येते. दोन मुलांच्या वर्गापेक्षा समवयस्कांची सोबतही मिळते. शिक्षक संघटना आणि पालकांचा एक वर्ग यांनी या धोरणास विरोध केला. प्राथमिक शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत असावी, या शिक्षण हक्काच्या नियमाशी ते विसंगत आहे, वाहन बंद पडले वा पावसात रस्ता खचला की मूल घरीच राहते आणि मुलींची शाळा सर्वांत आधी सुटते, हे त्यांचे मुख्य आक्षेप होत.

वाचनाच्या दृष्टीने या वादाला आणखी एक बाजू आहे. समूह शाळेतील ग्रंथालय मोठे असते, पण ते सायंकाळी वाहन सुटल्यावर बंद होते. वाडीवरची एकखोली शाळा ही त्या वस्तीतील एकमेव सार्वजनिक इमारत असते; पुस्तके तिथे असल्यास मोठी बहीण, शाळा सोडलेला भाऊ, नवसाक्षर आई यांच्याही हाती ती पडतात. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली अनुदान मिळविणारी गावोगावची वाचनालये बहुतेक मोठ्या गावांत आहेत, वाड्यांवर नाहीत. शाळा हलविताना बाकांचे, तांदळाच्या पिंपांचे आणि दफ्तराचे काय करायचे ते आदेशात लिहिलेले असते. पेटीतील पुस्तके मात्र साठा नोंदवहीसोबत नव्या शाळेत जमा होतात. ती वस्तीतच, अंगणवाडीत किंवा समाजमंदिरात, एखाद्या वाचणाऱ्या मुलीच्या ताब्यात ठेवावयाची असल्यास तसा निर्णय शाळा व्यवस्थापन समितीने खोलीला कुलूप लागण्यापूर्वी घ्यावा लागतो.